मावशींचं 'न्हाई'

मित्रांनो, आज स्टुडिओत मला माझीच लाज वाटली.

वीस वर्षं मी मावळातल्या जत्रांमधून स्वतःची गाणी गायलो. आता कामशेतला माझी छोटीशी रेकॉर्ड कंपनी आहे. आज औंढ्याच्या सखूमावशी स्वतः रचलेलं भातलावणीचं गाणं रेकॉर्ड करायला आल्या होत्या.

मी म्हणालो, "मावशी, 'न्हाई'च्या जागी 'नाही' म्हणा. शहरातल्या लोकांना बरं वाटेल."

मावशींनी हेडफोन काढून ठेवला. "भाऊ, आमी असंच बोलतो. तुमाला नगं असंल तर जाते मी घरी."

माझं पहिलं गाणंही एका कंपनीने असंच 'शुद्ध' केलं होतं. ते मी पुन्हा कधीच गायलो नाही.

मी मावशींची माफी मागितली. गाणं त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड झालं.

आपल्याला जे लागलं, तेच आपण दुसऱ्याला सहज कसं बोलून जातो? तुमचं असं कधी झालंय?