घोंगडीत गुंडाळलेला फोन

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा मोबाईलचा टॉवर दिसायचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला झोप येईनाशी झाली. या कुशीवरून त्या कुशीवर करण्यातच रात्र सरायची. प्रॅक्टिकलला डोळे मिटायचे. एकदा हातातली परीक्षानळी सुटून फुटली. परीक्षा तोंडावर होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मी नापास झाले तर धाकट्या बहिणीला कोण पाठवणार, हेच डोक्यात.

खोलीतली मैत्रीण म्हणाली, "उशाखाली फोन घेऊन झोपतेस, त्याची किरणं सरळ डोक्यात. वर हा टॉवर. बंद करून ठेव ना!"

पण बंद कसा करू? दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन गंगापूरकडं गेले होते. खतासाठी कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, मग पुढच्या रानात जायचं. त्यांचा फोन रात्री यायचा, तोही रेंज मिळाली तर. वाटेत भरधाव गाड्या असतात. नाही आला, की मला नको नको ते दिसायचं.

आमच्याकडं घोंगडीवर लई भरवसा. थंडी अडते, पाऊस अडतो, विंचूसुद्धा तिच्यावर चढत नाही म्हणतात. मग किरणंही अडतील, असं मला वाटलं. फोन घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. मैत्रीण हसून लोळायला लागली. "अगं, सायन्सला आहेस ना तू? सरांना विचार तरी!"

झोप आली नाहीच. उलट, घोंगडीतून रिंग ऐकू येईल ना, म्हणून कान लावून पडले; उशिरा फोन वाजलाच.

फिजिक्सच्या सरांना खरंच विचारलं, सगळं सांगून. ते हसले नाहीत. म्हणाले, "लोकरीनं या लहरी अडत नाहीत. अडल्या असत्या तर फोन वाजलाच नसता. त्यांनी झोप मोडते का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही; अभ्यास चालू आहेत. पण वाट बघत पडलं की झोप येत नाही, एवढं मला माहीत आहे. कुणाची वाट बघतेस?"

"वडिलांच्या फोनची," मी म्हटलं.

त्याच रात्री दादांना म्हणाले, "दादा, तुमी दिवसा फोन करत जा ना."

"दिवसा मेंढरं कोण वळवील? तुझे सर?"

"दुपारी सावलीला बसत्यात की मेंढरं."

"झोप येत नाय व्हय तुला? आधी नाय का सांगायचं? दिवसा तुझा अभ्यास मोडंल म्हणून मी रातच्याला जागत बसायचो. माझा बी डोळा लागत नव्हता."

आता फोन दुपारी येतो. मधल्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून बोलते. रात्री फोन बंद करून पडते. झोप लागते, पण उशिरा; आणि कधीकधी मध्येच उठून फोन चालू करून बघते.