इल्पोच्या आईची हाक

इल्पो कार्वोनेन रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, पण जीव त्याचा घरच्या अमिगा कॉम्प्युटरात. पडद्यावर आकड्यांच्या उभ्या ओळी रचत जायचं, की झालं गाणं. साउनाची बादली, कुलपाची कडी, जे वाजेल ते माइकपुढं धरून तो त्या यंत्रात कोंडायचा. इइसाल्मी गावातल्या आमच्या गाणी रचणाऱ्या टोळक्यात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

एकदा माइक चालू असताना सिल्वीकाकू, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, “इल्पोऽऽ! मासे भरलेली भाकर गार झाली. तुझ्या त्या डबड्याला चारू का?”

“चार की! तेवढीच त्याची मेमरी वाढंल.”

मेमरी खरोखरच तोकडी. म्हणून त्यानं हाकेचं पुढचं-मागचं छाटून ‘इल्पोऽऽ’मधला शेवटचा ‘ओऽ’ तेवढा ठेवला. लांब स्वर गोल फिरवत ठेवता येतो, श्वास म्हणून सरत नाही. कोऱ्या फ्लॉप्यांचीही मारामार. अख्खी हाक जिच्यावर होती, तिच्यावर त्यानं दुसरं गाणं चढवलं. सगळेच तसं करायचो.

गाणं गाजलं. एकमेकांचे आवाज उचलायची आमच्यात रीतच होती. बघता बघता डेन्मार्क-हॉलंडची पोरं काकूंचा ‘ओऽ’ वाजवायला लागली.

“चोर मेले!” काकू हसायच्या. “गळा माझा, आन् मला कुणी इचारलं बी न्हाई.”

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

घरात त्यांच्या आवाजाची एकही टेप नव्हती. दफन झालं आणि इल्पो ती हाक शोधत सुटला. “माझं नाव घेती ती, तेवढं एकदा ऐकू दे,” म्हणायचा. शेवटी आशा उरली डेन्मार्कातल्या ओडेन्सेच्या प्रेबेन नावाच्या पोराची. कॉम्प्युटरवाल्यांच्या एका मेळाव्यात इल्पोनं त्याला काकूंच्या आवाजाची फ्लॉपी उतरवून दिली होती. छाटण्याआधी की नंतर, हे दोघांनाही आठवत नव्हतं.

फ्लॉपी टपालानं आली. मी शेजारीच बसलो होतो. इल्पोनं ती आत सारली, कळ दाबली.

‘ओऽ.’

छाटलेलाच.

“जाऊ दे गड्या,” मी म्हणालो.

त्यानं वरच्या पट्टीची कळ दाबली, तोच ‘ओऽ’ बारीक, कोवळा झाला. “हितं ती पोरगी हुती.” मग खालची, ‘ओऽ’ जाड, संथ झाला. “आन् हितं म्हातारी. म्हातारी झालीच न्हाई रं ती.”

मग मधली, काकूंच्या खऱ्या पट्टीची कळ त्यानं बोटानं चाचपली. तोंडानं हळूच म्हणाला, “इल्प...” आणि दाबली.

यंत्रातला ‘ओऽ’ त्याच्या ‘इल्प’ला जुळला नाही. त्यानं बोट उचललं, घसा खाकरला आणि परत म्हणाला, “इल्प...”