कोरी बाटली

जे जीव मरून गेले ते कोणते होते, हे तळाशी उरलेल्या चिखलावरून सांगता येतं का? माझी थोरली बहीण सुलभाताई हिने नोकरीची सगळी वर्षं या प्रश्नाला दिली, आणि तीही समुद्राकाठी नव्हे, चिंचवडमध्ये राहून. गेल्या महिन्यात ती गेली. भाचीचा फोन आला तेव्हा मी डांगे चौकाजवळ भाजी घेत होतो. "मामा, आई सकाळी उठलीच नाही..." एवढंच ती म्हणाली. हातातली मेथीची जुडी परत ठेवली की पिशवीत टाकली, हे आता आठवत नाही. तेव्हापासून चिखलाला विचारायचा तो प्रश्न मी ताईबद्दल विचारतो आहे. शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला उत्तर पायरीपायरीने मांडण्याची सवय असते. तसंच ते इथे मांडतो.

ताईच्या प्रयोगशाळेत मुख्यतः खाद्यतेलं तपासायला येत. तेल म्हणजे मेदाम्लं, आणि मेदाम्लं म्हणजे कार्बनच्या साखळ्या. अशाच साखळ्या समुद्राच्या पाण्यात आणि तळाच्या गाळातही असतात, म्हणून कोकणातल्या खाड्यांचं पाणी आणि चिखल बर्फाच्या पेट्यांतून तिच्याकडे येऊ लागला. "घाटावर बसून समुद्र कसला तपासतेस?" असं मी चिडवायचो. "मास्तर, रक्त तपासणारा काय रोग्याच्या घरी राहायला जातो?" हे तिचं ठरलेलं उत्तर. मग जेवण बाजूला ठेवून ती मला शिकवी. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या साखळ्या बहुतांशी आखूड, जमिनीवरच्या पानांच्या मेणातल्या लांब, आणि जीवाणूंच्या काही साखळ्यांना टोकापाशी एक लहानशी फांदी. नाजूक साखळ्या तळाशी पोचेपर्यंत बऱ्याचशा खाल्ल्या जातात, चिवट असतात त्या गाळात उरतात. "चिखल विसरभोळा आहे रे, पण खोटारडा नाही," ती म्हणे.

खोटेपणा बाहेरून येतो, हे तिला एका खाडीच्या चिखलाने शिकवलं. त्या चिखलात बारा कार्बनांचं लॉरिक आम्ल भलतंच जास्त निघालं. खोबरेल तेलात ते भरपूर असतं. खाडीकाठी खोबरेलाचा साबण करणारा एक लहानसा कारखाना होता, त्यामुळे संशयाचं बोट त्याच्याकडे गेलं. परंतु नमुन्यांच्या बाटल्यांसोबत एक कोरी बाटलीही प्रवासाला जात असे. ती खाडीवर उघडायची, काही न भरता बंद करायची आणि परत आणून बाकीच्यांसारखीच तपासायची. तिच्यातही तेच आम्ल सापडलं. म्हणजे तेल खाडीतलं नव्हतं, हाताळणाऱ्याचं होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांचा संशय गाडी चालवणाऱ्या आणि पेट्या उचलणाऱ्या ज्ञानोबावर गेला. तो जवळच्याच दिघी गावच्या जुन्या घराण्यातला. "साहेब, आमी झाकणाला हात लावला न्हाई," तो टोपी काढून म्हणाला, "आन् डोक्यावर केस तरी हायत का तेल लावायला?" सगळे हसले, पण त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं.

ताई हसली नाही. दुसरी एक कोरी बाटली प्रयोगशाळेतल्या कपाटातच राहिली होती. खाडी तिने पाहिलीच नव्हती, ज्ञानोबाचा हातही तिला लागला नव्हता. ताईने ती तपासली. तिच्यातही खोबरेल. मग ताईला बाटल्या तयार केल्या ती पहाट आठवली. आईच्या शिस्तीप्रमाणे तिने डोक्याला तेल चोपडून वेणी घातली होती, आणि घाईत हातमोजे न घालताच झाकणांच्या आत बसवायचे धातूच्या कागदाचे गोल कापले होते. "तेल माझं आहे, साहेब," तिने सगळ्यांसमोर सांगितलं. "त्याचं नाव खोडा, माझं लिहा." स्वतःची रजा टाकून ती ज्ञानोबाबरोबर पुन्हा खाडीवर गेली. या खेपेच्या चिखलात लॉरिक नावापुरतं होतं. लांब साखळ्या मात्र होत्या, खारफुटीच्या पानांना शोभतील अशा. पुढे प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला तिने हा किस्सा स्वतः सांगितला. "पहिला धडा माझ्या डोक्याचा," अशी तिची सुरुवात असे. निवृत्त होईपर्यंत कामाच्या दिवशी तिने केसांना तेल लावलं नाही. आई शेवटपर्यंत कुरकुरत होती, "झिंज्या बघ कशा झाल्यात..." निवृत्तीनंतर मात्र ती रोज संध्याकाळी सावकाश तेल लावत बसायची. "आता कुणाचा नमुना बिघडतोय?"

तेराव्यानंतर भाची स्वयंपाकघर आवरत होती. फळीवर तशीच एक कोरी बाटली होती. "मामा, हिच्यात मेतकूट भरू का?" तिने विचारलं. मी ती घरी घेऊन आलो आणि नळाखाली तिरपी धरली. पाणी काचेवर सलग पसरलं. फक्त मानेजवळ, अंगठ्याएवढ्या जागी, तेलकट काचेवर होतं तसं ते फाटून बाजूला झालं. मी बराच वेळ पाहत राहिलो... पण बाटली भाचीने उचलली होती, मीही उचलली होती. ताई असती तर म्हणाली असती, "मास्तर, दुसरी कोरी बाटली कुठाय?" ती माझ्याकडे नाही. तेव्हा तो अंगठा तिचाच, असं मी म्हणणार नाही. ती जागा मी अजून धुतलेली नाही, इतकंच.

पाणी फाटतं, हेही माझ्या शब्दावर मानू नका. काचेचा एक पेला साबणाने धुऊन नीट खळबळून घ्या, केसांतून फिरवलेला अंगठा त्यावर टेकवा आणि पेला नळाखाली तिरपा धरा. सोबत अंगठा न लावलेला दुसरा पेलाही तसाच धरा, आणि फरक स्वतः तपासून पाहा.