सरबतात गेलेला डबा

पोलीस भरतीची मैदानी चाचणी नेमकी ईदनंतर होती, म्हणजे पळण्याचा खरा सराव रमजानमध्येच करावा लागणार होता. आमच्या मुरूम गावात आम्ही मुली पहाटे मैदानावर जायचो. उजाडायच्या आधी सहरीला खाल्लेलं धावण्यातच जिरायचं आणि मग सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोट नाही. सुरुवातीला मी जिद्दीनं निभावलं. नंतर पोटऱ्या आणि मांड्या अशा धरल्या, की जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरायचे. खाली बसायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. घरात सगळे हसायचे. हसणाऱ्यांना एकदा पळवायला हवं होतं.

आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “शरीर पळताना तुटतं, आन खाऊन-झोपून भरून येतं. तू नुसती तोडायलीस. रोजा सोड म्हणायचा मला हक्क न्हाय, पर येळ बदल. मगरिबच्या आधी पळ, म्हंजी पळून झालं की लगीच पोटात काय तर पडंल.”

संध्याकाळी एकटीनं मैदानावर जायचं घरात चालणार नव्हतं. म्हणून अम्मी सोबत यायला लागली. तिचाही रोजा असायचा. मैदानाच्या कडेला लिंबाच्या पारावर ती तसबीहचे मणी ओढत बसायची. आणखी काही मुलींनी वेळ बदलली. त्यांत एक सास्तूर गावची होती, मामाकडं राहून भरतीची तयारी करणारी. पळण्यात ती माझ्या बरोबरीची, कधी पुढं, कधी मागं.

अब्बा शिंपी. ईदच्या कपड्यांच्या गर्दीत मशीनवरून न उठता काम करून त्यांनी माझ्यासाठी उमरग्याहून प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणला. चॉकलेटच्या चवीचा. अजान झाली की मी खजूर खायचे, पाणी प्यायचे आणि बाटलीत पावडर खळखळ हलवून घटाघटा संपवायचे. मला खरंच फरक वाटत होता. पावडरचा, वेळेवर खाण्याचा की नुसत्या विश्वासाचा, ते आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण जिना सरळ उतरता येऊ लागला होता.

मी पीत असताना बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या सोडत बसायच्या. सास्तूरची खिशातले भिजवलेले हरभरे चघळत दुसरीकडं बघायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही, पण चाचणी माझीही होती. अम्मीला मात्र ते सोसेना. एकदा घरी येताना ती म्हणाली, “लोगां देखते बैठे, तू अकेली पी तो अंगकू कैसा लगेंगा?”

मी तिला प्रथिनं, स्नायू, सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. अम्मी मान डोलावते तेव्हा तिचं ठरलेलं असतं, हे मी विसरले.

दुसऱ्या दिवशी माझी शेवटची फेरी चालू होती आणि पाराजवळ गर्दी दिसली. जवळ गेले तर अम्मीनं मोठ्या कॅनमध्ये गुलाबाचं सरबत केलेलं, वर सब्जा, आणि त्यात माझा अख्खा डबा रिकामा केलेला. रंग शेणकाल्यासारखा, वर बोटभर फेस. अजान झाली आणि इफ्तारचं म्हणून ती प्रत्येकाच्या हातात पेला देऊ लागली. मुली, फिरायला आलेले पेन्शनर, त्यांच्या मंडळी, सगळ्यांना. एक आजोबा तर दुसरा पेला मागत होते. त्यांच्या स्नायूंना कसली भरपाई हवी होती, देव जाणे.

सास्तूरची ओठांवर फेसाची मिशी घेऊन म्हणाली, “चाची, लई ग्वाड झालंय.”

घरी गेल्यावर मी भांडं आपटलं. अम्मी शांतपणे म्हणाली, “अब लगेंगा.”

दुसरा डबा आला नाही. त्याऐवजी पारावर उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू, कुणाच्या घरचं दही असं काहीबाही येऊ लागलं. भांडी घासायचं अम्मीनं स्वतःकडं घेतलं आणि मला दुपारी झोपवलं. पाय टिकले. ईद झाली, चाचणी झाली. यादी लागली तेव्हा सास्तूरची आत होती आणि मी थोडक्यात बाहेर.

त्या दिवशी मला तिचा आनंद झाला नाही. हेवा वाटला, उघड उघड. त्या सरबतातलं नेमकं तिलाच कसं लागलं, असं वाटून मी उशीत तोंड खुपसून रडले. अम्मीनं माझ्या पोटऱ्यांना तेल चोळलं.

पुढच्या रमजानमध्ये मी पुन्हा मैदानावर होते. एका संध्याकाळी सास्तूरची आली. अंगानं भरलेली, केस बारीक कापलेले. रजा तिला मोजकीच मिळाली होती आणि सास्तूरला जायच्या आधी ती इकडं वळली होती. बूट घालूनच आली होती. म्हणाली, “मी म्होरं पळते. तू माझा पाठलाग सोडू नगं.”

ती पुढं, मी मागं. शेवटच्या फेरीत मांड्या पेटल्या. ती मागं वळून शिव्या देत होती, मीही देत होते, आणि ज्या वेळेत मी कधी पोचले नव्हते त्या वेळेत पोचले. सर घड्याळाकडं बघत राहिले.

अजान झाली. अम्मीनं पहिला पेला तिला दिला. नुसतं गुलाबाचं सरबत होतं. मी तो तिच्या हातातून हिसकावून अर्धा प्यायले आणि उरलेला तिला परत दिला. तिनं कडा न पुसता तोंडाला लावला.