टाळू भरणारी प्रयागबाई

कन्हानमधली निम्मी पोरं प्रयागबाईच्या हातचं तेल डोक्यावर घेऊन वाढली. बाळंतिणीला शेक, बाळाला अंघोळ आणि शेवटी कोमट तेलानं टाळू भरायची, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. टाळू खोल गेली की पोर कोमेजतं, भरली की बाळसं धरतं, असं ती छातीठोक सांगायची.

मग तिचाच पोरगा, चौतिशीतला सौरव, कामठी रोडवर गाडीवरून पडला. मेंदूला सूज चढली म्हणून नागपुरात डॉक्टरांनी कवटीचं डावीकडचं हाड काढून ठेवलं. जीव वाचला, वाचा गेली. सूज उतरली तशी ती जागा वाटीसारखी खोल गेली. वर नुसती कातडी, खाली धडधड. प्रयागबाईच्या बोटांना ओळख पटली.

तीन महिन्यांनी हाड परत बसवलं. टाके कोरडे ठेवा, काही लावू नका, असं बजावून घरी सोडलं. पट्टी बदलायची सून दिपाली. पण सौरव टाके खाजवायचा, कण्हायचा. दिपाली नळावर गेली की प्रयागबाई पट्टी उचलून चार थेंब खोबरेल जिरवी. लेकरू निजे.

पंधरा दिवसांत ताप भरला, टाक्यांतून पू आला. हाड पुन्हा काढलं, आता फेकूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टरांनी विचारलं, पट्टी कोण करत होतं? दिपाली म्हणाली, मी. मग हात धुण्यापासून सगळं त्यांनी तिला सुनावलं. ती मान खाली घालून उभी. प्रयागबाईला ते बघवेना.

"तिले नका बोलू, साहेब. टाळू मी भरली."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते म्हणाले, तेल न लावताही काहींचं पिकतं. पण लावायचं नव्हतं. पहिलं वाक्य प्रयागबाईनं कानाआड केलं.

बाहेर बाकड्यावर दिपाली तिच्याशेजारी येऊन बसली.

"मले मालूम होतं, आई. उशीची तेलकट खोळ मीच धूत होती ना."

"मंग काहून नाही हटकलं वं?"

"तेवढाच दोन घंटे डोळा लागे त्यायले. मले बी वाटे, लागू द्या."

प्रयागबाईची बोटं मांडीवर आपोआप गोल गोल फिरत होती. दिपालीनं त्यांच्यावर हात ठेवला, तेव्हा थांबली.