अव्वाच्या खिडकीतली वायर

त्या उन्हाळ्यात रोग आला आणि गल्लीतल्या एकूण एक कोंबड्या माना वाकड्या करून मेल्या. माझ्याही मेल्या. लग्नानंतर आईनं माहेरहून एक काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, पाठवली होती, तिचीच ही सगळी अवलाद. अंगानं बारकी, पण पिल्लांवर घार आली तर घारीच्या अंगावर जाणारी. आता त्यांची म्हणून रोगाआधीची टोपलीतली अंडी तेवढी उरली. ती गेली की संपलं.

अंडी उबवायला खुडूक कोंबडी लागते. ती कुणाकडेच नव्हती. माझा धाकटा दीर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं काम करायचा. तो म्हणाला, "वैनी, कोंबडी न्हाय तर न्हाय. बल्ब बसवूया की अंड्यांवर."

त्यानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली, ताप बघायचा थर्मामीटर आत टांगला. मी अंड्यांवर कोळशानं खूण केली आणि कोंबडी चोचीनं फिरवते तशी ती फिरवत राहिले. ती वर्षं लोडशेडिंगची होती. वीज गेली की खोक्यावर गोधडी टाकायची, तेवढ्यावर निभायचं.

वळवाचे दिवस होते. गडगडाटानं अंड्यातलं पिल्लू दगावतं म्हणून आमच्याकडे अंड्यांजवळ लोखंड ठेवतात. मी खुरप्याचं मोडकं पातं खोक्यात ठेवलं.

दीर हसला. "ह्ये कशाला? पिल्लांस्नी धाडताय व्हय खुरपायला?"

"तू तुझा बल्ब बघ," मी म्हणाले.

मग एका दुपारी अंड्याला कान लावला तर आतून बारीक चिवचिव आली. दुसऱ्यातूनही. एकाला टोचा पडला होता, बारकी चोच हलताना दिसत होती. आणि त्याच दुपारी वळीव आला. गडगडाट झाला, पण अंड्यांना काही झालं नाही. उसाच्या पट्टीतले विजेचे खांब मात्र आडवे झाले. वायरमन येऊन बघून गेला आणि म्हणाला, "उद्याच्याला बगू, पावणं. ऱ्हायलं तर परवा."

गोधडी टाकली. गरम पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. त्या एकदा फार गरम व्हायच्या, एकदा थंड. थर्मामीटर झटकून परत लावला तरी पारा खालीच बसलेला.

गल्लीत इन्व्हर्टर एकाच घरी होता, शेजारच्या किराणा दुकानवाल्यांकडे. ते लिंगायत. त्यांची म्हातारी गळ्यात लिंग घातलेली, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. त्या घरात अंड्याचं नुसतं नाव काढलेलंही चालायचं नाही, हे मला माहीत होतं. तरी गेले. सून दारातच भेटली.

"काकू, तुमी आल्यासा त्ये बरं केलासा," ती हळू म्हणाली, "पण अंडं उंबऱ्याच्या आत कसं आणायचं? अव्वा हायत घरात."

आतून अव्वाचा आवाज आला. "काय पायजे तिला?"

सुनेनं सांगितलं. मी परत फिरणार होते.

"अंडी आत न्हाईत यायची," अव्वा म्हणाली. "वायर बाहेर जाऊ दे की. वायरीला काय इटाळ हाय?"

दिरानं त्यांच्या खिडकीतून वायर काढली, भिंतीवरून आमच्या घरामागच्या परड्यात आणली. बल्ब लागला. पारा चढायला लागला. मी चोच बघत बसले. ती परत हलली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे बघितलं तर अव्वा ओट्यावर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. घरातला पंखा बंद, टीव्ही बंद. तिचा मुलगा कुरकुरत होता. अव्वा त्याला म्हणाली, "घामानं मरतोस काय? तिकडं जीव हायत."

दिवस मावळायला इन्व्हर्टर ट्यां ट्यां वाजायला लागला. दिरानं धावत जाऊन बघितलं, हात हलवत आला. लोडशेडिंगनं अर्धीच भरलेली बॅटरी संपली. बल्ब आधी पिवळा झाला, मग तांबडा, मग नुसती तार.

मी अंडी पातळाच्या ओच्यात बांधून पोटाशी धरली, वर घोंगडं घेतलं. उकाड्यानं जीव जात होता, तरी धरली. बाईचं अंग कोंबडीएवढं गरम नसतं, हे मला तेव्हा कळलं. पोटाशी चिवचिव ऐकू येत होती. मग कमी आली. कुठलं अंडं कधी गप झालं ते सांगता येणार नाही. कवच फोडून पिल्लू काढलं तर रक्त जाऊन मरतं, म्हणून तेही करता येईना. नुसतं धरून बसायचं, दुसरं काही हातात नव्हतं.

उजाडल्यावर एकेक कानाला लावून बघितलं. टोचा पडलेल्याची चोच तशीच, भोकाबाहेर आलेली. हलत नव्हती.

भिंतीवरून अव्वानं विचारलं, "निघाली का गं?"

"न्हाय."

"एक पण न्हाय?"

"न्हाय."

ती म्हणाली, "वायर राहू दे तशीच. बॅटरी भरली की लाव. बघ एकदा."

काय बघायचं होतं? मी वायर गुंडाळून तिच्या खिडकीत ठेवली. अंडी परड्यात पुरली आणि खुरप्याचं पातं धुऊन परत आढ्याला खोचलं.