नसीमाभाभींनी माझी पोस्ट खरी मानली

मंडळी, आज सकाळी मीच इथे तावातावाने लिहिलं ना, बाहेरच्या स्वस्त कपड्यांनी आपले शिवणारे संपवले, सरकारने आयातीवर कर वाढवावा म्हणून? तुम्ही धडाधड लाइक केलंत.

दुपारी पालीहून नसीमाभाभी दुकानात आल्या. पूर्वी माझ्या दुकानासाठी त्या लहान मुलींचे फ्रॉक शिवायच्या. बाहेरचा माल स्वस्त मिळायला लागला, तसं मीच त्यांचं काम बंद केलं. आज हातात भरलेली पिशवी.

“दादा, तुमची पोस्ट वाचली. म्हटलं, आता परत आमचे फ्रॉक घेणार तुम्ही. नमुने आणलेत.”

तेव्हा मी ब्लेडने बाहेरच्या फ्रॉकची लेबलं उसवत होतो, माल कुठला ते गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. लपवायलाही वेळ मिळाला नाही.

भाभींनी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी खाली ठेवून हात पुढे केला.

“द्या इकडे. तुम्ही कापड फाडाल.”

आणि त्या लेबलं उसवत बसल्या. मी थांबवलंही नाही. जाताना पिशवी भरलेली तशीच घेऊन गेल्या.

सकाळच्या पोस्टला अजून लाइक येतायत. तेवढे तरी थांबवाल का?